जुन्या बुलेटचं पॅकिंग: तयार सेट घ्यावा की एकेक जोड बघून निवडावं?

पिवळं_मडगार्ड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोंड्याहून लिहितोय. बाबांची १९७४ ची बुलेट ३५० अकरा वर्षं पडवीत उभी होती, ती या मे महिन्यात खोलायला घेतली. कास्ट आयर्न सिलिंडरचं इंजिन, गिअर उजव्या पायाला, नंबरप्लेट अजून गोवा, दमण आणि दीवच्या काळातली. बाबा या गाडीवर पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे भाडं घेऊन मोटरसायकलवर प्रवासी नेणाऱ्याला पायलट म्हणतात आणि त्याच्या गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं. आमच्या गाडीचं अजून आहे.

बोअरिंग झालं, पिस्टन आला, व्हॉल्व्ह बसवून झाले. अडलंय ते पॅकिंगवर, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांच्या जोडात बसणाऱ्या गॅस्केटवर. बाजारात तीन सेट मिळाले. एकात हेडचं (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग काळ्या थराचं, भोकाला पत्र्याची कडी असलेलं. दुसऱ्यात नुसतं तांबं. बेसचं (सिलिंडरच्या बुडाचं) पॅकिंग प्रत्येक सेटात वेगळ्या जाडीचं. दुकानदार म्हणतो, कुठलंही घ्या आणि वरून सिलिकॉन लावा, थेंब पडणार नाही.

सिलिकॉनची मला धास्ती आहे. गाडी बंद पडायच्या चार वर्षं आधी एका गॅरेजात इंजिन खोललं होतं. परवा टायमिंग कव्हर (इंजिनाचं बाजूचं झाकण) काढलं तर ऑइलच्या भोकात गव्हल्याएवढा सिलिकॉनचा तुकडा अडकलेला. टाचणीने अलगद बाहेर काढला, तो अजून काडेपेटीत जपून ठेवलाय. बाबा तेव्हा सारखे म्हणायचे की इंजिन जास्त तापतंय, आवाज बदललाय. कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

चवथीला गाडी रस्त्यावर आणायची आहे. कुठलं पॅकिंग घ्यावं?

---

तेरेखोल

माझी यझदी मोटरसायकल आहे, टू-स्ट्रोक, त्यामुळे बुलेटबद्दल अधिकाराने बोलणार नाही. पण जुनं पॅकिंग फेकलं असशील तर आधी कचऱ्याच्या डब्यातून शोधून आण. नव्याची जाडी ठरवायला जुन्यासारखा साक्षीदार नाही.

---

चोर्ला_चढणारा

तयार सेट घे आणि मोकळा हो रे. मी बेळगावहून आणला होता, चार वर्षं चालतोय. घाटात दोघं बसून चढतो, थेंब नाही.

---

उलटा_पाना

चोर्लाबाब, तुमची गाडी २००० नंतरची, तिचे जोड अजून सपाट असतील. या पोराच्या गाडीला पन्नास वर्षं झाली, किती जणांनी स्क्रू-ड्रायव्हर घालून कव्हरं उचकटली असतील देव जाणे. म्हणून सांगतो, सेट निवडायच्या आधी जोड बघायचा. मी म्हापशाला चाळीस वर्षं फिटर होतो. पॅकिंगमुळे गळणाऱ्या गाड्या कमी बघितल्या, वाकड्या कव्हरामुळे गळणाऱ्या जास्त.

बाळा, असं कर. जाड काच घे, आरशाची चालेल. तिच्यावर बारीक पॉलिश पेपर ओला करून चिकटव आणि कव्हर त्याच्यावर आठच्या आकड्यासारखं फिरव. चार फेऱ्यांनंतर उलटं करून बघ. चकाकलं तो उंचवटा, काळं राहिलं तो खड्डा. बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकाभोवती उंचवटा निघतो, कारण आवळून आवळून तिथलं अॅल्युमिनियम वर आलेलं असतं. ते सपाट झालं की साधा कागदसुद्धा तेल धरतो.

हेडला सरळ पट्टी लावून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घालून बघ. ०.०५ मि.मी.ची पाती कुठे शिरली तर हेड लेथवाल्याकडे ने. त्यावर महागातलं महाग पॅकिंग घातलंस तरी पैसे पाण्यात.

---

वास्को_मेकॅनिकल

काकांशी शंभर टक्के सहमत. जोडीला एक सांगतो: "पॅकिंग" हा एक शब्द असला तरी इंजिनात त्याची कामं वेगवेगळी असतात, आणि निवड त्या कामावरून करायची.

हेडला जळत्या वायूचा दाब आणि उष्णता. बेसला उष्णता कमी, पण सिलिंडर किती उंचीवर बसणार हे तिथे ठरतं. टायमिंग कव्हरला तेलाच्या वाटा: बुलेटचे दोन्ही ऑइल पंप त्या कव्हरात आहेत, क्रॅंकला (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला) जाणारं तेल तिथूनच जातं, म्हणून पॅकिंगची भोकं आणि कव्हरची भोकं तंतोतंत जुळली पाहिजेत. क्रॅंकच्या पेटीच्या, म्हणजे क्रॅंककेसच्या, दोन अर्धांमध्ये तर पॅकिंगच नाही, तिथे फक्त जोडलेप (जोडाला लावायचा चिकट लेप), तोही पातळ. आणि प्रायमरी चेनच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) कव्हरला कागद नाही, रबराची कडी.

एकाच सेटमधल्या सगळ्या वस्तू सारख्याच चांगल्या निघतील असं धरू नका. मी दोन सेटांमधून निवडून वापरतो.

---

नवा_सभासद

बेस पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड झालं तर काय बिघडतं? पॉवर खूप पडते का?

---

वास्को_मेकॅनिकल

हिशेब सोपा आहे. बुलेट ३५० चा बोअर ७० मि.मी., स्ट्रोक ९० मि.मी., म्हणजे ३४६ सीसी. मूळ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ६.५ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ६३ सीसी. अर्धा मि.मी. जाडी वाढली की तिथे जवळपास २ सीसी वाढतात आणि कॉम्प्रेशन ६.३ च्या आसपास येतं. रस्त्यावर फार कळणार नाही. पण सिलिंडर वर उचलला गेल्याने पुशरॉडला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) ढिल येते, ती जुळवणारे टॅपेट परत लावावे लागतात. ते विसरलं तर खडखड.

---

तेरेखोल

बुलेटचं ठीक आहे, टू-स्ट्रोकमध्ये तोच अर्धा मिलिमीटर महागात पडतो. तिथे व्हॉल्व्हचं काम सिलिंडरच्या भिंतीतली भोकं करतात. बेस जाड झाला की भोकं वर सरकतात. एक्झॉस्ट (जळका धूर बाहेर सोडणारं भोक) लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो. मिश्रण आत घेणाऱ्या इनटेकचं उलट, ते कमी वेळ उघडं राहतं. कॉम्प्रेशन पडतं ते वेगळंच. माझ्या यझदीत आधीच्या मालकाने दोन बेस पॅकिंग एकावर एक घातली होती. गाडी जास्त वेगात पळायची, पण पेडण्याची चढण आली की मान टाकायची. जुन्याची जाडी मोजून एकच घातल्यावर कमी वेगातली ओढ परत आली.

दुसरी गोष्ट, टू-स्ट्रोकच्या क्रॅंककेसमधून हवा-पेट्रोल जातं. जोड गळला तर बाहेर तेल दिसत नाही, आत हवा शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन जाम. म्हणून मी जोडणी झाली की इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करतो आणि सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरतो, पाच-सहा पीएसआय. मग साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा आला की चोर सापडला. हवा जास्त भरू नका, ऑइल सील (क्रॅंकभोवतीच्या रबरी कड्या) जागचे हलतात.

---

सांजाव

तेरेखोल, यझदीचा विषय निघालाच आहे तर, माझी १९८२ ची सुरू केली की अर्धा वाडा धुराने भरतो. शेजारची मावशी म्हणते डास गेले, रोज सुरू कर! पॅकिंग बदललं, काही फरक नाही.

---

तेरेखोल

गिअरचं तेल कमी होतंय का बघ. होत असेल तर पॅकिंगला दोष देऊ नकोस, क्रॅंकचा ऑइल सील गेलाय आणि इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतंय. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला तरी सील मिळतात. फक्त जुन्या साठ्यातला घेऊ नकोस, रबर कडक झालेलं असतं. मावशीला वाईट वाटेल, पण बदल.

---

लेथवाल्याची_लेक

डिचोलीहून. जुना साठा म्हणजे अस्सल, हा समज पॅकिंगच्या बाबतीत नेहमी खरा नसतो. वीस वर्षं पुडीत पडलेलं कागदी पॅकिंग सुकून आखडतं. ठेवून बघितलं की एका टोकाची भोकं जुळतात, दुसऱ्या टोकाची दोन मिलिमीटर आत. फाडू नका. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवा, परत पसरतं. आणि पावसाळ्यात उलटा त्रास: आपल्या दमट हवेत ते गुंडाळतं, बुरशी धरते. मी पॅकिंग पेपरचे ताव जाड पुठ्ठ्यांमध्ये दाबून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते.

टायमिंग कव्हरचं पॅकिंग मात्र मी घरीच कापते. आमच्या कारखान्यात जुनी पद्धत अशी की कव्हरवर कागद ठेवायचा आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने टिचकत जायचं, कड आपोआप कापते. बाबांचा हात इतका हलका की अॅल्युमिनियमवर ओरखडा येत नसे. माझा तसा नाही, म्हणून मी टिचकत नाही. कव्हरच्या कडेला बोटाने ग्रीस लावते, कागदावर ठसा घेते आणि धारदार सुरीने कापते. भोकांना पंच. भोकं आधी पाडायची, बाहेरची कड शेवटी, नाहीतर कागद सरकतो.

कागद किती जाडीचा? जुनं पॅकिंग व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या मापकाने) मोज, जिथे दाबलं गेलं नाही अशा कोपऱ्यात.

---

उलटा_पाना

लेकी, तुझ्या वडिलांकडे मी हेड घासायला आणत असेन कधीतरी. आमच्या वेळी पॅकिंग पेपर संपला की लग्नपत्रिका कापायचो. जाड, चिवट, तेलात भिजवली की छान बसायची. लग्नसराईत माल भरपूर!

---

चोर्ला_चढणारा

म्हणजे कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त अजून एखाद्या राजदूत मोटरसायकलच्या क्लच कव्हरमध्ये असेल 😄

---

पिवळं_मडगार्ड

सगळ्यांचे आभार. काचेवर घासून बघितलं, टायमिंग कव्हरला खालच्या दोन स्क्रूंजवळ उंचवटे निघाले. काकांनी सांगितलं तसंच. हेड सपाट आहे. जुनं बेस पॅकिंग ०.४ भरलं.

जुनं हेड पॅकिंग मात्र चिकटून बसलंय. ड्रिलला तारेचा ब्रश लावून काढू का?

---

वास्को_मेकॅनिकल

नको, थांब! त्या काळातल्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासलंस तर त्याची धूळ छातीत जाते आणि आयुष्यभर तिथेच राहते, फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तेल किंवा पाणी मारून भिजव, बोथट पट्टीने हळू खरवड, ओलं असतानाच पिशवीत बांध. नाकातोंडाला चांगला मास्क लाव. घरात लहान मुलं असतील तर पडवीत करूच नकोस. शिवाय तारेच्या ब्रशने अॅल्युमिनियमला चरे पडतात, ते वेगळं.

---

उलटा_पाना

हे ऐक त्याचं. आम्ही फुंकर मारून साफ करायचो, कोणी सांगायलाच नव्हतं.

---

नवा_सभासद

मग हेडला तांबं की काळं? मूळ प्रश्न तिथेच राहिला.

---

वास्को_मेकॅनिकल

माझं मत काळं, म्हणजे थर असलेलं. मऊ असल्याने लहानसहान उणीव भरून काढतं. आणि समुद्राजवळ तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून ठेवणं मला पटत नाही. खारी ओल मिळाली की अॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते. वास्कोत बंदराजवळ उभ्या असलेल्या गाड्यांवर रोज बघतो.

---

उलटा_पाना

मी तांब्याच्या बाजूचा. उभ्या गाडीचं म्हणाल तर बरोबर, पण रोज तापणाऱ्या इंजिनाच्या जोडात ओल टिकत नाही, आणि फोंड्याला खारा वारा कुठे? तांबं परत परत वापरता येतं. एकदा दाबलं की ते कडक होतं, म्हणून बसवण्याआधी प्रत्येक वेळी भाजून मऊ करायचं. लोक इथेच चुकतात. दुकानातून आणलं आणि तसंच घातलं, की ते वायू धरत नाही.

भाजायचं संध्याकाळी, अंधारात. उजेडात रंग कळत नाही. तारेला अडकवून ब्लो-लॅम्प गोल फिरवत राहायचं. आधी रंग बदलतील, मग काळं पडेल, मग मंद लाल दिसायला लागेल. सगळी कडी एकदा तशी लाल झाली की पुरे, बादलीतल्या पाण्यात सोडायची. पोलाद लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं, तांब्याचं तसं नाही. बाहेर काढल्यावर हातात धरून बघ, पापडाच्या लाटीसारखं लवेल.

पण बुलेटमध्ये एक खोच आहे. पुशरॉडच्या नळ्या सिलिंडरमध्येच ओतलेल्या आहेत, म्हणजे रॉकरचं तेल परत उतरतं ते हेडच्या जोडातून. तांबं वायू उत्तम धरतं, तेल तितकं नाही. म्हणून त्या भोकांभोवती दोन्ही बाजूंनी जोडलेपाचा पातळ हात. पातळ म्हणजे खालचं तांबं दिसलं पाहिजे.

---

तेरेखोल

काका, भाजल्यावर तांब्यावर काळा पापुद्रा येतो तो कशाने काढायचा? पॉलिश पेपरने जाडी कमी होईल ना?

---

लेथवाल्याची_लेक

सोलांनी, म्हणजे आमसुलांनी! देवाची भांडी घासतो तसं. सोलांच्या आगळात (रसात) थोडं मीठ घालून चोळायचं, झळझळीत होतं. चिंचही चालते. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं, आंबट राहता कामा नये.

---

पिवळं_मडगार्ड

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, तांबं माझ्याकडे दे, तुला घासता येणार नाही.

---

सांजाव

पिवळ्या, तुझ्या आईला नमस्कार सांग! आणि इकडची बातमी: क्रॅंकचा सीलच होता. धूर गेला. डास परत आले.

---

चोर्ला_चढणारा

मघाशी मी "सेट घे आणि मोकळा हो" लिहिलं होतं ते मागे घेतो. वाचून माझं टायमिंग कव्हर उघडून बघितलं. पॅकिंगचं एक भोक कव्हरच्या भोकापेक्षा लहान निघालं, तेलाची पाऊण वाट बंद. बाहेर थेंब नाही म्हणून मी खूश होतो.

---

उलटा_पाना

चांगलं केलंत. पिवळ्या, आता जोडणीच्या आधी शेवटच्या चार गोष्टी.

कव्हर बंद करताना क्रॅंकच्या टोकावरचं छोटं कॉर्कचं वॉशर नवं घाल. नखाएवढी वस्तू, पण बिग-एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रॅंककडच्या टोकाला) जाणारं तेल ती वाटेत गळू देत नाही. ते गेलं की तेल आतल्या आत परत फिरतं, बाहेर काही दिसत नाही.

हेडचे नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळ. पंधरा मिनिटं इंजिन चालव, रात्रभर थंड होऊ दे, सकाळी परत आवळ. हेड केसभर खाली बसतं, म्हणजे पुशरॉड घट्ट होतात. लगेच टॅपेट लाव. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये. हे राहिलं तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो, आणि लोक म्हणतात पॅकिंग गेलं.

पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा हेडला तेल नेणाऱ्या बाहेरच्या पाइपचा बोल्ट अर्धा फेरा सैल कर. तिथे तेल आलेलं डोळ्यांनी बघ, मगच निर्धास्त हो.

आणि प्रायमरी कव्हरचा मधला नट दात-ओठ खाऊन आवळू नकोस. नवी रबराची कडी खाचेत नीट बसली की काम ती करते. जास्त आवळून कव्हर वाकतं.

---

पिवळं_मडगार्ड

चवथ झाली, गणपती पोचवून आलो आणि आज निवांत लिहायला बसलोय.

हेडला तांबंच घेतलं. भाजलं मी, घासलं आईने. बेसला ०.४ चा कागद. टायमिंग कव्हरचं पॅकिंग ताईंच्या पद्धतीने ग्रीसचा ठसा घेऊन कापलं. पहिले दोन फुकट गेले, तिसरं जमलं. कापल्यावर एकेक भोक कव्हरवर आणि केसवर दोन्हीकडे ठेवून, मागून बॅटरीचा उजेड मारून तपासलं. रबराची कडी आणि कॉर्क तयार सेटमधलं. सिलिकॉनची ट्यूब आणलीच नाही.

अकराव्या किकला लागली. पाइपचा बोल्ट सैल केला होता, तिथे आधी फेस आला आणि मग स्वच्छ तेल. आई दारात उभी होती.

पण दुसऱ्या दिवशी ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) तेलाची पिचकारी आली आणि माझं धाबं दणाणलं. वाटलं, बेस पॅकिंग गेलं.

---

उलटा_पाना

किती दिवस उभी होती मध्ये?

---

पिवळं_मडगार्ड

तेल भरून जोडणी झाल्यावर बारा दिवस. चवथीच्या तयारीत हात लावला नाही. मग पहिल्या दिवशी नुसती चार-पाच मिनिटं चालवली.

---

उलटा_पाना

मग पॅकिंगचा काही दोष नाही. बुलेटची तेलाची टाकी क्रॅंककेसच्याच ओतीवात आहे. गाडी उभी राहिली की तेल पंपातून झिरपत खाली क्रॅंकजवळ जमतं, आणि चार-पाच मिनिटांत सगळं परत वर जात नाही. सुरू केलं की ते ब्रीदरवाटे बाहेर. खालचा ड्रेन उघडून जमलेलं तेल काढ, टाकीत परत भर आणि सुरू कर. जास्त दिवस उभी राहिली की दर वेळी हेच करायचं. या एका कारणासाठी किती तरी चांगली इंजिनं विनाकारण खोललेली मी बघितली आहेत.

---

पिवळं_मडगार्ड

काढलं, पाव लिटरच्या वर निघालं. परत भरलं, पंधरा मिनिटं चालवली. पिचकारी बंद. सकाळी थंड असताना हेडचे नट बघितले, दोन नट थोडे घेतले. टॅपेट लावले.

काल रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. सकाळी हेडखाली, बेसखाली, टायमिंग कव्हरखाली कागद कोरडा. एकच थेंब, मागे गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटकडे.

---

उलटा_पाना

तो थेंब तुझ्या बाबांच्या वेळीही पडत होता. राहू दे.

---

पिवळं_मडगार्ड

हो काका, पडवीच्या लादीवर तिथेच जुना डाग आहे.